साथ आली, शाळा बंद झाली

धाराशिव जिल्ह्यात वाशी हे तालुक्याचे गाव आहे. भोवती बालाघाटाचे डोंगर. पुष्कळ जमीन हलकी. पाऊस बेभरवशाचा. तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने आहेत. कुठे तलावाखाली थोडीफार बागाईत दिसते. बाकी पुष्कळ घरे ज्वारी, तूर, सोयाबीन आणि मजुरी यांवरच चालतात. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागते. माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. बरोबर पोरेबाळेही निघतात.

अशा तालुक्यातल्या शाळेत जी पोरे बसतात, त्यांच्याविषयी ही माहिती आहे. कोरोनाच्या साथीत त्यांच्या तब्येतीचे काय झाले? आणि सगळ्यांचे सारखेच झाले का?

आपण म्हणतो, रोगाला गरीब-श्रीमंत कळत नाही. हे अर्धे खरे आहे. रोगाचा जंतू हवेतून येतो. तो कुणाची जमीन किती, हे विचारीत नाही. पण जंतू आल्यावर पुढे काय होते, ते घर पाहून ठरते. ज्या घरात चार खोल्या आहेत तिथे आजारी माणूस एका खोलीत निजतो. ज्या घरात एकच खोली आहे तिथे आजारी माणूस, म्हातारी आणि तीन लेकरे एकाच छपराखाली निजतात. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो गाडी करून बार्शीला जातो. ज्याच्याजवळ नाही तो दोन दिवस वाट बघतो. रोग एकच. घाव मात्र वेगळा.

ही गोष्ट आजचीच नाही. १९१८ साली इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली होती. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. त्या वेळी वाशीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशात एक कोटीहून जास्त माणसे मेली. मुंबई शहरात त्या वेळी मृत्यूची नोंद जातवार ठेवली जात असे. त्या नोंदीत काय दिसले? गोऱ्या साहेबांत हजारी ८ माणसे मेली. ज्यांना त्या काळी खालच्या जातीचे म्हणत, त्या गरीब लोकांत हजारी ६१ मेली. शहर एक, हवा एक, साथ एक. पण साहेब बंगल्यात राहत होता आणि गरीब माणूस चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत. या फरकाला आरोग्यातली विषमता म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण अर्थ साधा आहे. एकाला औषध, अन्न, हवा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून एकाची तब्येत राहते आणि दुसऱ्याची ढासळते.

शाळेला कुलूप

आता कोरोनाकडे येऊ. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात आपल्या राज्यातल्या शाळा बंद झाल्या. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून सगळा देशच बंद झाला. एस.टी. थांबली. आठवडी बाजार थांबले.

शाळा पुन्हा कधी उघडल्या, हे जरा ध्यानात घ्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू करायला परवानगी मिळाली. पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ च्या शेवटी. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागले. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ पासून परत भरू लागल्या. आणि पहिली ते चौथीची लहान पोरे? ती १ डिसेंबर २०२१ ला वर्गात आली. म्हणजे मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१, वीस महिने. जे पोर पहिलीत जायचे, ते शाळेची पायरी न चढताच दुसरीत गेले.

इथे एखादी आजी म्हणेल, "गुरुजी, पोरांना तर ह्यो रोग लई झाला न्हाई. म्हाताऱ्यांनाच झाला. मग पोरांचं काय बिघडलं?"

आजी, तुमचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. लहान मुलांत या रोगाने मृत्यू फार थोडे झाले. पण पोरांचे नुकसान दुसऱ्या वाटेने झाले. ती वाट शाळेच्या कुलपातून जाते. कशी, ते पाहू.

शाळेत नुसते धडेच मिळत नाहीत

शाळेत पोराला पाटी-पुस्तक मिळते, हे सगळ्यांना दिसते. पण शाळा ही पोरांच्या तब्येतीचीही जागा आहे, हे आपल्या सहज ध्यानात येत नाही.

दुपारची खिचडी घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, शिवाय डाळ किंवा कडधान्य, तेल, भाजी, असा हिशेब ठरलेला आहे. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून आहे. आधी शाळेतून तांदूळ घरी देत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तांदूळ देऊ नका, शिजवलेले अन्न द्या. त्या हुकमात मोठा शहाणपणा होता. तो का, ते पुढे येईल.

दुसरी गोष्ट, लोहाची गोळी. लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांवरच्यांना निळी. आठवड्यातून एकदा, जेवण झाल्यावर. आपल्या रक्तात लोह असते. त्याच्या जोरावर रक्त अंगभर प्राणवायू नेते. लोह कमी पडले की पोर फिकट दिसते, चालताना धापा टाकते, वर्गात पेंगते. गुरुजी म्हणतात आळशी आहे. खरे तर ते आळशी नसते. त्याच्या अंगात रक्त कमी असते.

तिसरी गोष्ट, जंताची गोळी. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये ती शाळेत चावून खायला देतात. अनवाणी चालणाऱ्या पोराच्या पायातून काही जंत अंगात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. मग खाल्लेले अन्न अंगी कसे लागणार?

चौथी गोष्ट, वर्षातून एकदा येणारे डॉक्टरांचे पथक. ते डोळे, दात, कान, हृदय तपासते. हृदयाला छिद्र असलेले पोर अशाच तपासणीत सापडते आणि त्याची शस्त्रक्रिया फुकट होते. आईबापाला तोवर वाटत असते, पोर नाजूकच आहे.

आता वीस महिने हे सगळे एकदम बंद पडले किंवा अर्धवट चालले असे समजा. पथकातले डॉक्टर, परिचारिका कोरोनाच्या कामाला लागले. आशाताई आणि अंगणवाडीताई दारोदार ताप मोजीत फिरल्या. त्यांनी फार कष्ट केले. पण एकाच माणसाने किती कामे करायची?

एका बाकावरची दोन पोरे

समजा, एका वर्गात एका बाकावर दोन पोरे बसतात. एक बागाईतदाराचे पोर. दुसरे ऊसतोड करणाऱ्या मजुराचे.

शाळा बंद झाली. पहिल्या पोराच्या घरी दुभती म्हैस आहे. डाळ-उसळ आहे. त्याची खिचडी बुडाली, तरी ताटात काही कमी पडले नाही. लोहाची गोळी बुडाली, तर बापाने तालुक्याच्या दुकानातून आणली. घरी मोठा फोन आहे. त्यावर गुरुजींचे धडे आले. लस आली तेव्हा फोनवरूनच नाव नोंदवले.

दुसऱ्या पोराचे आईबाप त्या मार्च महिन्यात कारखान्याच्या फडात होते. पोर त्यांच्याजवळ होते. हंगाम संपला नव्हता आणि एकाएकी गाड्या बंद झाल्या. ज्यांचे काम संपले त्यांना घरी जाता येईना. १७ एप्रिल २०२० रोजी सरकारने तपासणी करून त्यांना गावी सोडण्याचे ठरवले. असे लाखाहून अधिक मजूर तेव्हा राज्यातल्या साखर कारखान्यांवर होते. गावी आल्यावर वेगळे ठेवले, कुणी शाळेत, कुणी शेतात. त्या पोराने शाळा पाहिली ती अशी, रात्री निजायला.

पुढे मजुरी मिळेना. घरात एकच साधा फोन, तोही बापाच्या खिशात. खिचडी नाही, गोळी नाही, डॉक्टर नाही. पुढच्या हंगामात ते पोर पुन्हा फडात गेले. एरवी गावात हंगामी वसतिगृह असते. आईबाप तोडीला गेले तरी पोर गावात राहून शिकते, दोन वेळा जेवते. शाळाच बंद, तर वसतिगृह कुठले?

साथीच्या आधी या दोन पोरांत अंतर नव्हते का? होतेच. पण रोज दुपारी एक तास ती दोघे एका पंगतीत बसत होती. गोळीही एकाच डब्यातून घेत होती. त्यामुळे अंतर थोडे कमी होत होते. शाळा बंद पडली आणि हा आधार गेला. एकाचे काही गेले नाही, कारण त्याचे घर भरलेले होते. दुसऱ्याचे होते नव्हते ते गेले. साथीने विषमता वाढते म्हणतात, ती अशी.

पोट भरले, अंग भरले नाही

कुणी म्हणेल, सरकारने धान्य दिले की! होय, दिले. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळू लागले. ते २०२२ च्या डिसेंबरपर्यंत चालले. त्यामुळे कितीतरी घरांची चूल पेटली. हे काम मोठेच झाले. शाळेच्या खिचडीचेही तसेच. १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना विचारले, शाळा बंद आहेत, तर पोरांच्या जेवणाचे काय? मग तांदूळ आणि कडधान्य पालकांच्या हाती देण्यात आले.

पण शिधा घरी देणे आणि शिजवून ताटात वाढणे, यात फरक आहे. शाळेतले ताट एकट्या पोराचे असते. घरी आलेला तांदूळ घरच्या डब्यात जातो. त्यात आजी असते, लहान भाऊ असतो, कामाला जाणारा बाप असतो. आई सगळ्यांना वाटून देते आणि उरले तर स्वतः खाते. यात तिची चूक काय? पण ज्या पोराच्या नावाने १०० ग्रॅम आले त्याच्या पोटात किती गेले, हे कुणी सांगावे! शिजवून वाढा, असे न्यायालय म्हणाले होते त्याचे कारण हेच.

आणखी एक. भात-भाकरीने पोट भरते. पण वाढत्या अंगाला डाळ, दूध, अंडी, हिरवी भाजी लागते. हात तंग झाला की घरातून आधी हेच जाते. भाकरी शेवटी जाते. म्हणून पोर उपाशी दिसत नाही, पण वाढत नाही. आधीच आपल्या राज्यात पोरांच्या तब्येतीची स्थिती काही बरी नव्हती. २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघर पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०० पैकी ३५ बालके वयाच्या मानाने बुटकी भरली आणि जवळजवळ ६९ बालकांच्या अंगात रक्त कमी निघाले. ही बालके आता शाळेत बसतात.

एक गंमत सांगायची, पण हसू येत नाही. २०२१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या आहाराचे पैसे मुलांच्या बँकखात्यात टाकायचे ठरले. रक्कम दीड-दोनशे रुपयांच्या घरातली. ज्याचे खाते नाही त्याने ते उघडायचे. त्यासाठी बापाने एक दिवसाची मजुरी बुडवून बँकेत जायचे! कागदावर सोपे दिसणारे काम गरिबाच्या दारात किती अवघड होते, ते यावरून कळेल.

न सापडलेले रोग

साथीच्या दिवसांत दवाखान्यात जायची लोकांना भीती वाटे. गेले तर कोरोना म्हणून अडकवतील, अशी बोलवा होती. त्यामुळे दुसरे रोग झाकून राहिले. क्षयाचेच बघा. २०१९ साली देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रोगी नोंदले गेले. २०२० साली १८ लाख. लोकांना वाटेल, रोग कमी झाला. तसे नव्हे. शोधणारा कमी पडला. जो रोगी सापडला नाही तो घरीच खोकत राहिला. त्याच खोलीत शाळा बंद असलेले पोर दिवसभर होते. एका खोलीच्या घराला याचा धोका जास्त, हे सांगायला नको.

गोवराचेही तेच. लस चुकलेली बालके वाढली आणि २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे गोवर उसळला. जिथे दाट वस्ती, लहान घरे, तिथेच तो जास्त पसरला. आपल्या घरातल्या बाळाला नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास गोवराची लस मिळाली का, ते कार्डावर बघून घ्यावे.

मुलींची वाट

मुलींचे जरा सविस्तर सांगतो. कारण इथे नुकसान वीस महिन्यांत संपले नाही.

शाळा बंद झाल्यावर मुलगा मोकळा हिंडला. मुलीच्या हाती घागर आली, धाकटे भावंड आले, चूल आली. जेवायला ती शेवटी बसली. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोहाची गरज जास्त, आणि तिचीच निळी गोळी बंद.

मग लग्ने. साथीत पन्नास माणसांत लग्न उरकता येई. मांडव नको, पंगत नको. खर्च वाचतो म्हणून कैक बापांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुली उजवून टाकल्या. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, त्यालाच कोयता म्हणतात. तीही एक घाई असतेच. पण अठराच्या आत मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे. आणि तब्येतीच्या बाजूने पाहिले तर पोरीचे अंग अजून वाढत असते. त्यात गर्भ राहिला की आईला अन्न पुरत नाही आणि पोटातल्या बाळालाही नाही. बाळ कमी वजनाचे होते. एका वर्षाची तंगी अशी पुढच्या पिढीच्या अंगात उतरते. गावात असे लग्न ठरत असेल तर ग्रामसेवकाला सांगता येते. ते रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. १०९८ या नंबरावर फोनही करता येतो. पैसे पडत नाहीत.

शाळा उघडल्यावरही मुलींची वाट सरळ झाली नाही. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा पास फुकट असतो. पण ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगारांची गाऱ्हाणी खरी होती. पण वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना शाळा उघडूनही जाता आले नाही. ज्याच्या घरी मोटारसायकल, त्याची मुलगी शाळेत पोचली.

ज्यांचे छत्र गेले

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, रोग खेड्यापाड्यांत शिरला. कितीतरी घरांतला कर्ता माणूस गेला. ज्या मुलांचे आई आणि बाप दोघेही कोरोनाने गेले, त्यांच्या नावावर राज्य सरकारने ५ लाख रुपये ठेव ठेवण्याचे ठरवले. पण ज्यांचा फक्त बाप गेला, अशी मुले फार जास्त होती. आई मजुरीला जाते, मोठी मुलगी शाळा सोडते. अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावी. कागद गोळा करायला वेळ लागतो, म्हणून शाळेतल्या गुरुजींना किंवा अंगणवाडीताईला बरोबर घ्यावे.

आता काय बघायचे

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे सांगितले. तरी तेव्हा पहिलीत असलेले पोर अजून शाळेतच आहे.

त्याच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून बघा. आत लाल दिसली तर ठीक. पांढुरकी दिसली तर दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेअकरापेक्षा आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलाचे बारापेक्षा कमी नसावे. घरात तांदुळजा, चवळी, शेपू करावी. हुलगे, मटकी खावी. भाजीवर लिंबू पिळले की लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा दिला की ते लागत नाही. चहा-बटर देऊन पोराला शाळेत धाडायची रीत आपल्याकडे फार आहे. ती मोडली तर बरे.

शाळेतून गोळी मिळते का, हे पोराला विचारा. मिळत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. ही समिती २००९ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला आहे. तिच्यात चारांत तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. पुष्कळ गावांत बाया नुसत्या सहीपुरत्या असतात. आता तुम्हाला वाचता येते. सही करण्याआधी वहीत काय लिहिले आहे ते वाचा. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, डॉक्टरांचे पथक कधी येऊन गेले, कुणाला पुढे पाठवायला सांगितले, हे सगळे शाळेच्या दप्तरी लिहिलेले असते.

आणि तोडीला जाणाऱ्या पोरांची यादी दसऱ्याच्या आधी झाली पाहिजे. हंगामी वसतिगृहाची मंजुरी त्या यादीवर अवलंबून असते. माणसे निघून गेल्यावर यादी करून उपयोग नाही. कोणत्या घरचे कोण जाणार, पोराला गावात सांभाळायला आजी आहे का, हे गल्लीतल्या बायांना गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असते. त्यांनी नावे सांगावीत आणि गुरुजींनी लिहून घ्यावीत. जे पोर आईबापांबरोबर जाणारच, त्याच्या थैलीत लसीचे कार्ड आणि शाळेने दिलेले हमीपत्र ठेवावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येते आणि तिथली खिचडीही मिळते.